कॉन्स्टँटिनोपल पडले, पण मिरीची वाट बंद झाली नव्हती
१४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून भारताचा व्यापारमार्ग रोखला आणि म्हणून युरोपीयांनी सागरी मार्ग शोधला, हे शाळेपासून मनावर ठसलेले विधान तपासले असता टिकत नाही. मिरी-मसाला मुख्यतः तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला व तेथून व्हेनिसला जाई. त्या वाटेवरचा इजिप्त मामलुक या तिथल्या सुलतानी राजवटीकडे होता आणि तो उस्मानांच्या हाती पडला १५१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यावर तब्बल १९ वर्षांनी. खुद्द विजेत्या सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५४ मध्येच व्हेनिसशी व्यापारी तह केला होता. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउटा हे बंदर घेतले तेही १४१५ मध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या ३८ वर्षे आधी. आफ्रिकेचे सोने आणि पुढे व्हेनिसच्या मक्तेदारीला शह, ही त्यांची खरी ओढ होती.