ॲप्लिकेशन-देखरेख

ॲप्लिकेशन-देखरेख : इतर ॲप्लिकेशनांचा प्रतिसादकाळ, त्रुटी व साधनांवरील ताण सतत मोजून साठवणारे आणि आलेखात दाखवणारे वेगळे वेब ॲप्लिकेशन उभारण्याची पद्धत. बोलण्यात ‘मॉनिटरिंग’ हाच शब्द रूढ आहे.

उगमाबाबत एकमत नाही. काहींच्या मते सुरुवात टोबियास ओटिकर यांच्या एमआरटीजी या नेटवर्क मोजणाऱ्या साधनापासून (१९९५) होते. काही जण १९९९ मधील नेटसेंटपासून (२००२ पासून याचेच नाव नागिओस) ती धरतात. मात्र पहिले साधन नेटवर्कच्या तारांवरून जाणाऱ्या माहितीची रहदारी मोजत असे, तर दुसरे मुख्यतः यंत्र किंवा सेवा चालू आहे की बंद एवढेच पाही. ॲप्लिकेशनच्या आत एका विनंतीचा वेळ नेमका कुठे गेला, हे त्यांतून कळत नसे. त्यामुळे विनंतीला क्रमांक देऊन अनेक सेवांमधून तिचा माग काढणारी गूगलची ‘डॅपर’ (शोधनिबंध २०१०) आणि साउंडक्लाउड या संगीत-सेवेच्या कंपनीत २०१२ साली सुरू झालेले प्रोमेथियस हे देखरेखीचे सॉफ्टवेअर यांच्यापासून आजची पद्धत धरणे अधिक सयुक्तिक वाटते. या क्षेत्रात वापरली जाणारी ‘निरीक्षणक्षमता’ (बाहेरून मिळणाऱ्या मोजमापांवरून आतली स्थिती ओळखता येणे) ही संज्ञा याहून जुनी, नियंत्रणशास्त्रातली आहे. रुडॉल्फ कालमान यांनी ती १९६० च्या सुमारास मांडली.

प्रोमेथियस ठरावीक अंतराने प्रत्येक ॲप्लिकेशनकडे जाऊन आकडे खेचून आणते. उलट पद्धतीत ॲप्लिकेशनच आकडे पाठवते. खेचण्याचा मोठा फायदा असा की, उत्तर न येणे हीसुद्धा लगेच नोंद होते. रात्रीच्या बॅकअपसारख्या, थोडा वेळ चालून संपणाऱ्या कामाला मात्र खेचण्याची पद्धत सोयीची नाही. वेगळे काही सांगितले नाही, तर प्रोमेथियस १५ दिवसांचीच माहिती ठेवते. आलेखांसाठी बहुधा ग्राफाना हे आलेख काढणारे सॉफ्टवेअर जोडतात.

मोजमापात सरासरी फसवते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्याचे मागणी नोंदवण्याचे ॲप्लिकेशन घ्या. १०० पैकी ९८ विनंत्या ०.२ सेकंदात आणि २ विनंत्या १० सेकंदांत पुऱ्या झाल्या, तर सरासरी ०.४ सेकंदाच्या आतच येते. आलेख शांत दिसतो आणि ते दोन व्यापारी खोळंबलेले राहतात. ९९ वा शतमक (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के विनंत्या पुऱ्या होतात ती वेळ) पाहिला की ते १० सेकंद लगेच समोर येतात. म्हणून सरासरीवर इशारा लावू नये.

देखरेख ॲप्लिकेशनच्याच सर्व्हरवर बसवणे ही सर्वांत घातक चूक होय. कारखान्यातली वीज गेली की ॲप्लिकेशन आणि त्याच्यावरचा पहारेकरी एकदमच बंद पडतात आणि इशारा कोणालाच जात नाही. यंत्रमागाच्या खटखटीत झोपलेला विणकर ती थांबताच जागा होतो. इथेही तीच युक्ती वापरतात. देखरेख यंत्रणेने दर काही मिनिटांनी ‘चालू आहे’ असा संदेश बाहेरच्या, दुसऱ्या ठिकाणच्या सेवेला पाठवायचा. तो ठरल्या वेळेत आला नाही, की ती सेवा थेट जबाबदार माणसाच्या फोनवर इशारा धाडते.