व्यावसायिक पुनर्वसन आणि नर्सिंग शिक्षण (अमेरिकी माजी सैनिक)

लष्करी सेवेत दुखापत झालेल्या किंवा आजार जडलेल्या अमेरिकी माजी सैनिकांना सरकारी खर्चाने नवे काम शिकवण्याची एक योजना आहे. तिच्या आधारे नर्सिंगची पदवी किंवा पदविका मिळवण्याच्या वाटेविषयीची ही नोंद. योजनेचे आजचे नाव ‘व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट’. २०२० पर्यंत ती ‘व्होकेशनल रिहॅबिलिटेशन अँड एम्प्लॉयमेंट’ या नावाने ओळखली जाई. संघराज्याच्या कायदेसंहितेतील ३८व्या शीर्षकाच्या ३१व्या प्रकरणात तिच्या तरतुदी असल्याने कागदोपत्री तिला ‘चॅप्टर ३१’ म्हणतात. सैनिकांच्या तोंडी मात्र जुने ‘व्होक रिहॅब’च टिकून आहे. ‘डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स’ म्हणजे व्हीए हे खाते ती राबवते.

ही योजना आणि प्रसिद्ध ‘जीआय बिल’ यांत नेहमी गल्लत होते. जीआय बिल हा सेवा बजावल्याबद्दल मिळालेला शिक्षणखर्चाचा हक्क आहे. नर्सिंग शिकायचे की विमान चालवायला, हे ज्याचे त्याने ठरवावे. व्होक रिहॅबमध्ये निवड एकट्याची नसते. शरीराला किंवा मनाला झालेली इजा आपल्या पोटापाण्याच्या आड येते, हे आधी दाखवावे लागते. लगेच पुढे, निवडलेले काम त्याच इजेसह आपल्याला झेपेल, हेही पटवावे लागते. हिशेबनीस किंवा प्रोग्रॅमर व्हायचे असेल तर या दोन गोष्टी सहज जुळतात. नर्सिंगमध्ये त्या एकमेकींच्या अंगावर येतात, आणि या विषयातील बहुतेक तंटे तिथूनच निघतात.

इतिहास

पहिले महायुद्ध संपायला साडेचार महिने उरले असताना, २७ जून १९१८ रोजी, जायबंदी सैनिकांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचा कायदा झाला. स्मिथ-सीअर्स कायदा हे त्याचे रूढ नाव. प्रशिक्षणाचे काम आधी व्यावसायिक शिक्षण मंडळाकडे होते, १९२१ मध्ये ते नव्या ‘व्हेटरन्स ब्यूरो’कडे गेले. या ब्यूरोचा पहिला संचालक चार्ल्स फोर्ब्स पुढे भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेला. जखमी सैनिकांच्या नावाने सुरू झालेल्या खात्याची सुरुवात अशी झाली.

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ मध्ये, सार्वजनिक कायदा क्रमांक १६ आला. जीआय बिल त्यानंतर सव्वा वर्षाने, जून १९४४ मध्ये संमत झाले. म्हणजे धडधाकट सैनिकांच्या आधी जखमींची सोय झाली होती. १९४३ च्या कायद्यात प्रशिक्षणाला चार वर्षांची मर्यादा होती. आजची ४८ महिन्यांची मर्यादा तेवढीच आहे. १९८० च्या दुरुस्तीने योजनेचा हेतूच बदलला. तोवर प्रशिक्षण पुरे झाले की सरकारचे काम संपत असे. त्यानंतर नोकरी लागणे हे उद्दिष्ट ठरले, आणि ज्यांना नोकरी शक्यच नाही त्यांच्यासाठी स्वावलंबी जगणे.

नर्सिंगकडे वळणारा माजी सैनिक म्हणजे पुरुष, हे चित्र तुलनेने नवे आहे. सैन्याच्या ‘आर्मी नर्स कोअर’मध्ये १९५५ पर्यंत पुरुषाला अधिकारी म्हणून प्रवेशच नव्हता.

रेटिंग

सगळ्याचा पाया म्हणजे व्हीएने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी, म्हणजेच ‘रेटिंग’. व्होक रिहॅबसाठी किमान २० टक्के रेटिंग आणि नोकरीतला अडसर सिद्ध होणे आवश्यक असते. रेटिंग १० टक्केच असेल तर तो अडसर ‘गंभीर’ आहे हे दाखवावे लागते. बडतर्फीचा शेरा मारून घरी पाठवलेल्यांना योजना बंद आहे. पूर्वी योजनेचा लाभ घेण्यासाठी १२ वर्षांची मुदत सर्वांना लागू होती. १ जानेवारी २०१३ रोजी किंवा नंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी ती आता उठवली आहे.

टक्क्यांची बेरीज मात्र शाळेतल्यासारखी होत नाही. मनावरच्या आघाताचे ५० टक्के आणि पाठीचे ३० टक्के मिळून ८० होतील असे वाटेल. व्हीएच्या हिशेबात आधी १०० मधून ५० वजा होतात, मग उरलेल्या ५० चे ३० टक्के म्हणजे १५ धरले जातात. बेरीज येते ६५, आणि जवळच्या दहावर नेऊन ७०. ‘व्हीए मॅथ’ हा सैनिकांमधला जुना विनोद आहे, आणि ज्याची टक्केवारी नुकतीच हुकली आहे त्याला तो विनोद वाटत नाही.

अमेरिकी सैनिकांत सर्वाधिक नोंदली जाणारी सेवाजन्य तक्रार म्हणजे कानात सतत गुणगुण होणे, अर्थात टिनिटस. तोफा, इंजिने आणि विमानांच्या धावपट्ट्या यांची ही देणगी. तिला १० टक्के मिळतात, त्याहून जास्त नाही. त्यामुळे केवळ टिनिटस असलेल्या उमेदवाराला ‘गंभीर अडसर’ दाखवणे भाग पडते. ते दाखवताना तो अर्जात लिहितो की गोंगाटात मला बोलणे कळत नाही. पुढच्याच बैठकीत त्याला सांगायचे असते की मला रुग्णाच्या छातीतले आवाज नीट ऐकू येतील.

काउन्सेलरसमोर

फॉर्म २८-१९०० भरल्यावर गाठ पडते ती व्होकेशनल रिहॅबिलिटेशन काउन्सेलरशी. तो किंवा ती वैद्यकीय कागद पाहते, कल चाचणी घेते, आधीचे शिक्षण व अनुभव तपासते आणि त्या भागात कोणत्या नोकऱ्या आहेत याचा अंदाज घेते. त्यानंतर पुनर्वसनाचा लेखी आराखडा तयार होतो आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. नर्सिंगचे उद्दिष्ट असलेले बहुतेक जण योजनेच्या पाच वाटांपैकी ‘दीर्घकालीन सेवांद्वारे रोजगार’ या वाटेने जातात. एका काउन्सेलरकडे १२५ प्रकरणे असावीत हे अमेरिकी संसदेने, म्हणजे ‘काँग्रेस’ने, सुचवलेले प्रमाण आहे. तेवढ्यांचे गुडघे, झोप, संसार आणि गुणपत्रिका एकाच माणसाने लक्षात ठेवायच्या.

पायदळातून निवृत्त झालेला, कमरेच्या मणक्याचे दुखणे असलेला उमेदवार घ्या. नर्सिंगचे नाव काढताच काउन्सेलरच्या मनात पहिला प्रश्न येतो तो रुग्ण उचलण्याचा, आणि तो रास्त आहे. पाठीची दुखापत हा या व्यवसायाचा जुना रोग. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार यंत्राविना हाताने उचलण्याचे वजन ३५ पौंडांपुढे, म्हणजे सुमारे १६ किलोंपुढे जाऊ नये. मोठ्या माणसाचा एक पायच जवळजवळ तेवढा भरतो. तरीही कित्येक नर्सिंग विद्यालयांच्या प्रवेशाच्या शारीरिक निकषांत ५० पौंड उचलण्याची अट छापलेली असते. दुसरीकडे व्हीएच्याच रुग्णालयांत छताला रुळ आणि झोळी बसवलेले लिफ्ट आहेत. शिवाय परवानाधारक नर्स म्हणजे केवळ वॉर्डातली नर्स नव्हे. रुग्णसेवेचे समन्वयन, दूरध्वनीवरून सल्ला, डायलिसिस, विमा कंपनीतले वैद्यकीय परीक्षण अशी कामेही त्याच परवान्यावर होतात. अनुभवी उमेदवार ‘नर्स व्हायचे आहे’ एवढेच सांगून थांबत नाहीत. कोणत्या टेबलाशी बसणारी किंवा कोणत्या विभागात फिरणारी नर्स व्हायचे, हे ते सांगतात. अडचण एवढीच की त्या टेबलापर्यंत पोहोचायचे तर आधी वॉर्डातले क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे प्रशिक्षण, पार करावे लागते, आणि त्यातून सूट नाही.

दुसरा वाद पातळीचा. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि विद्यापीठाची चार वर्षांची बीएसएन (बॅचलर ऑफ सायन्स इन नर्सिंग) या दोन्हींतून एकच ‘रजिस्टर्ड नर्स’चा परवाना मिळतो. योजनेचे तत्त्व आहे ते कामावर रुजू होता येण्याइतक्या पात्रतेचा खर्च करण्याचे. मग दोन वर्षांत भागत असेल तर चार का, हा प्रश्न येतोच. आपल्या भागातील रुग्णालये नव्या भरतीत बीएसएन मागतात, हे जाहिरातींसह दाखवणे हा त्यावरचा नेहमीचा उतारा. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून औषधे लिहून देणारी नर्स, होण्यासारखी उच्च पदवी पदरात पाडून घेणे त्याहून अवघड. हातात आधीच एखादी पदवी आणि बरी नोकरी असेल तर प्रकरण बहुधा तिथेच अडते.

वर्गात आणि वॉर्डात

आराखडा मंजूर झाला की शिक्षणशुल्क, पुस्तके, स्क्रब्ज (वॉर्डातला गणवेश), स्टेथोस्कोप, शिकवणी आणि परवाना परीक्षेचे शुल्क या सगळ्यांचा भार व्हीए उचलते. महिन्याला निर्वाहभत्ता मिळतो. ज्याच्या नावावर ‘पोस्ट-९/११ जीआय बिल’चा हक्क शिल्लक असेल त्याला त्या योजनेतील घरभत्त्याच्या दराने तो घेता येतो, आणि हा दर सहसा चांगलाच वरचढ असतो.

४८ महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय आधी उत्तीर्ण झाल्याशिवाय मुख्य अभ्यासक्रमात पाऊल ठेवता येत नाही. त्यात प्रवेशाची प्रतीक्षायादी असते. उत्तीर्णतेची रेषा बऱ्याच ठिकाणी ७५ टक्क्यांच्या वर, आणि दोनदा अनुत्तीर्ण झाले की विद्यालय नाव काढून टाकते. रात्रभर झोप न लागणाऱ्या माणसाला पहाटे साडेसहाला वॉर्डात हजर राहायचे असते. गंभीर अडसर असलेल्यांना मुदतवाढ मिळू शकते, मात्र ती आपोआप नाही.

आणखी एक खाच नशिल्या पदार्थांच्या तपासणीची. काही राज्यांत दुखण्यावर औषध म्हणून गांजाला परवानगी आहे, संघराज्याच्या कायद्यात नाही. क्लिनिकलला पाठवण्याआधी विद्यालये लघवीची तपासणी करवतात, आणि तिथे राज्याने दिलेले गांजाच्या परवानगीचे कार्ड सहसा चालत नाही.

विशेष दुखरी बाजू लष्करी मेडिकची, म्हणजे जखमींवर जागीच उपचार करणाऱ्या सैनिकाची. सैन्यातला ‘६८ डब्ल्यू’ हा लढाऊ मेडिक सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टन तळावर तयार होतो. नौदलात त्याचा भाऊबंद म्हणजे हॉस्पिटल कोअरमन. धुळीत गुडघे टेकून रक्तस्राव थांबवणे, छातीत सुई घालून अडकलेली हवा मोकळी करणे, अंधारात शीर शोधून सलाइन लावणे ही त्यांची रोजची कामे. गणवेश उतरला की नागरी रुग्णालयात त्यांना बहुतांशी तातडीच्या सेवेतील तंत्रज्ञाचेच काम मिळते. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात हाच माणूस नाडी मोजण्याची परीक्षा देत असतो. हे अंतर कमी करण्यासाठी आरोग्य खात्याच्या ‘एचआरएसए’ या संस्थेने २०१३ पासून माजी सैनिकांसाठी बीएसएनच्या खास कार्यक्रमांना अनुदान दिले, आणि व्हीएने माजी मेडिकांसाठी ‘इंटरमिजिएट केअर टेक्निशियन’ हे पद सुरू केले. अमुक सैनिकी अनुभवाला किती श्रेयांक द्यायचे हे अजूनही ज्या त्या विद्यालयाच्या मर्जीवर आहे.

डेव्हिस खटला

दिव्यांग व्यक्ती आणि नर्सिंग प्रवेश यांवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल माजी सैनिकाविषयी नाही, तरी त्याची सावली प्रत्येक प्रवेशावर असते. फ्रान्सिस डेव्हिस या नॉर्थ कॅरोलिनातील परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या खालच्या पातळीच्या नर्स, होत्या. त्यांना फारच कमी ऐकू येई आणि समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणे ओळखत. रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी त्यांनी साउथईस्टर्न कम्युनिटी कॉलेजकडे अर्ज केला. शस्त्रक्रियागृहात सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतो, तिथे ओठ वाचणार कसे, हा कॉलेजच्या बाजूचा मुद्दा होता. १९७९ मध्ये न्यायालयाने एकमताने कॉलेजची बाजू उचलून धरली. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४ वे कलम भेदभावाला मनाई करते, पण अभ्यासक्रमाचे मूळ स्वरूपच बदलायला कॉलेजला भाग पाडत नाही, असा निकालाचा आशय. पुढे १९९० चा दिव्यांगहक्क कायदा आला. आवाज मोठा करणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आणि पारदर्शक मास्कही आले. डेव्हिस यांना नाकारताना दिलेली काही कारणे आज कदाचित टिकणार नाहीत. ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय, ही भांडणाची जागा मात्र तशीच आहे.

परवाना आणि शेवट

पदवीनंतर राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या परवान्यासाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेला निघालेल्या आपल्याकडच्या परिचारिका मुंबईच्या केंद्रावर बसून देतात, तीच ही. १९९४ पासून ती संगणकावर होते आणि उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होतो. एप्रिल २०२३ पासूनच्या स्वरूपात ८५ ते १५० प्रश्न आणि कमाल पाच तास. सैनिकाला इथे वेगळी सवलत नाही. अपंगत्वाच्या आधारे जादा वेळ किंवा स्वतंत्र खोली मागता येते, पण ती मंडळाकडे आधीच मागावी लागते.

महाराष्ट्रात या कल्पनेची दुसरी शाखा पुण्याजवळ खडकीत दिसते. जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये, म्हणजे अमेरिकी कायद्याच्याही एक वर्ष आधी, मुंबईत सुरू झालेली ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ पुढे खडकीला गेली आणि आजही तिथेच आहे. तिचा भर पहिल्यापासून कारखान्यात आणि कार्यालयात उपयोगी पडणाऱ्या कौशल्यांवर राहिला. भारतीय सैन्याच्या वैद्यकीय दलात ‘नर्सिंग असिस्टंट’ नावाचे जवान असतात खरे, पण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील नर्सिंगची बीएससी फक्त मुलींसाठी आहे.

अमेरिकेत परवाना मिळाल्यावर नोकरी शोधायला व्हीएचे रोजगार समन्वयक मदत करतात. अनेकांचा ओढा व्हीएच्याच रुग्णालयांकडे असतो, कारण तिथे खाटेवरचा माणूस आणि नर्स एकाच भाषेत बोलतात. योग्य त्या नोकरीत ६० दिवस टिकले की काउन्सेलर कागदावर ‘पुनर्वसित’ अशी नोंद करून फाइल मिटवतो. नव्या नर्सचे ओरिएंटेशन मात्र पुष्कळ रुग्णालयांत १२ आठवडे चालते. फाइल बंद होते त्या दिवशी ती नर्स बहुधा अजून आपल्या प्रिसेप्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी नर्सच्या, मागे मागे, औषधांची ट्रॉली ढकलत फिरत असते.