बोटीच्या बुडाला चिकटलेला व्होल्टमीटर

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात बोट किनाऱ्याला घेतली की बुडावर चिकटलेलं सगळं खरवडून काढावं लागतं. पाण्यातल्या टणक जागेवर जीव वस्ती करतातच. जगातल्या कित्येक बंदरांत अशा जागी सायोना नावाचा सी-स्क्वर्ट सापडतो. बोटभर लांबीची, आरपार दिसणारी पिशवी, वर दोन तोंडं. एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. पण त्याच्या पिल्लाला पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्याच्या जागी असणारी लवचीक दांडी, असते, म्हणजे कालवांपेक्षा हा आपल्या जवळचा नातलग. मेंदूतली वीज प्रकाशात पाहण्याची वाट त्याच्याच एका प्रथिनाने मोकळी केली.

चेतापेशी शांत असताना तिच्या आत-बाहेर सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पेशीपटलाची जाडी जेमतेम 4-5 नॅनोमीटर. हिशेब केला तर मीटरमागे दीड कोटी व्होल्ट! व्होल्टेज ओळखणाऱ्या प्रथिनाचे चार पीळ, म्हणजे स्प्रिंगसारखे गुंडाळलेले तुकडे, या पटलातून आरपार गेलेले असतात. चौथ्या पिळावर साधारण दर तिसऱ्या जागी धन प्रभाराचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी. पेशी उत्तेजित झाली की हा पीळ बाहेरच्या बाजूला सरकतो.

पीळ सरकताच प्रकाश बदलावा म्हणून 1997 मध्ये फळमाशीच्या पोटॅशियम चॅनेलला, म्हणजे पटलातून पोटॅशियम जाऊ देणाऱ्या प्रथिनाला, हिरवं चमकणारं प्रथिन जोडून पाहिलं. बेडकाच्या अंडपेशीत ते चाललं, सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र पटलापर्यंत नीट पोहोचेना. मग 2005 मध्ये जपानी संशोधकांनी सायोनातलं प्रथिन उजेडात आणलं. त्यात तेच चार पीळ, पण चॅनेलऐवजी मागे एक विकर (एन्झाइम). विकर काढून तिथे चमकणारं प्रथिन लावलं आणि ते पटलात छान बसलं. अडचण एकच: सायोनाचा पीळ हलायला चेतापेशीत सहसा नसतं इतकं धन व्होल्टेज लागे. 217व्या जागचं आर्जिनिन काढून ग्लुटामिन घातलं, तेव्हा तो मेंदूच्या मापात आला. या सगळ्या शोधात मला हा एका अमिनो आम्लाचा बदल सर्वांत देखणा वाटतो.

झेब्राफिशचं प्रथिनही वापरून झालं. 2014 मध्ये कोंबडीच्या प्रथिनापासून ‘असॅप1’ नावाचं व्होल्टेज-दर्शक बनलं. इथे चमकणारा भाग तिसऱ्या आणि चौथ्या पिळामधल्या वळणातच बसवला. पीळ सरकला की दोनेक मिलिसेकंदांत प्रकाश मंदावतो. चेतापेशीचा संदेशही जवळपास तेवढाच टिकतो. पेशीतलं कॅल्शियम मोजून तिची हालचाल ओळखणारे दर्शक इतके चपळ नसतात, शिवाय एखाद्या पेशीला गप्प बसवणारा संकेत त्यांच्या नजरेतून निसटतो. तो इथे दिसतो. पटल इतकं पातळ की त्यात मावणारी प्रथिनं थोडी, आणि क्षण इतका छोटा की हाती लागणारा प्रकाशही थोडाच. म्हणून उजळपणा वाढवण्यावर मोठा भर आहे.