दुकानाची पाटी ‘मराठीत’ म्हणजे नक्की कशात?

पुणेरी पाट्यांबद्दल इथे काही नाहीये, ते सगळ्यांचं वाचून पाठ झालंय. हे दुकानावरच्या नावाच्या बोर्डाबद्दल आहे, म्हणजे ज्यावरून दर चार-पाच वर्षांनी बातम्या येतात, काचा फुटतात, दंडाचे आकडे छापून येतात आणि मग सगळे विसरतात.

लोकांना वाटतं मराठी पाटीची सक्ती २०२२ मध्ये आली, किंवा फार तर २००८ मध्ये. तसं नाहीये. १९४८ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा, ज्याखाली दुकानाची नोंदणी म्हणजे गुमास्ता लायसन्स मिळायचं, त्याखाली १९६१ चे नियम झाले, आणि त्या नियमांत पुढे २०-अ म्हणून एक कलम होतं. नावाचा बोर्ड देवनागरी लिपीत मराठीत पाहिजे, शेजारी दुसरी भाषा चालेल, पण तिची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. झालं, एवढंच. वर्षानुवर्षं हे कागदावर होतं आणि मुंबईतल्या मोठ्या रस्त्यांवर कोणी विचारत नव्हतं. बाकी महाराष्ट्रात विचारायची वेळच आली नाही, कारण तालुक्याच्या गावात बोर्ड मराठीतच असायचा, गिऱ्हाईकाला वाचता यायला हवा एवढं साधं कारण.

आणि तो बोर्ड रंगवायचा पेंटर. हा काळ मी पाहिलाय म्हणून जरा जास्त लिहितोय. पत्र्याला आधी बेस मारायचा, तो वाळला की खडूची दोरी ताणून दोन रेघा मारायच्या, मधे नाव बसवायचं, मग अक्षराला खालून आणि एका बाजूने शेड द्यायची, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकायचं ते अमुक ‘आर्ट्स’ म्हणून. त्याला ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ एका ओळीत बसवताना घाम फुटायचा, पण बसवायचा. शब्दही त्या वेळचे बघा. केशकर्तनालय, चष्मेघर, वस्त्रनिकेतन, उपाहारगृह, आणि व्यापारी घराणं असेल तर नावापुढे ‘आणि मंडळी’. हे कुठल्या कायद्याने लिहायला लावलं नव्हतं. रसवंतीगृह तर अजून तसंच आहे, घुंगरांसकट.

मग २००० च्या आसपास फ्लेक्स आला आणि दोन गोष्टी झाल्या. एक, पेंटरचं काम गेलं. दुसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही: बोर्ड दुकानदाराचा राहिलाच नाही. कोल्ड्रिंकवाले, मग मोबाईलवाले, मग रंगवाले येऊन फुकट बोर्ड लावून द्यायला लागले, त्यात तीन चतुर्थांश जागा कंपनीची आणि उरलेल्या पट्टीत दुकानाचं नाव. एका वर्षी अख्खी बाजारपेठ लाल, पुढच्या वर्षी निळी. फुकट मिळतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार, बोर्डाचे पैसे वाचले. आता नियम फक्त नामफलकाबद्दल बोलतो, जाहिरातीबद्दल नाही, म्हणजे त्या पट्टीतलं नाव मराठीत असलं की भागलं, वर कंपनीचं इंग्रजी नाव पाच फुटांचं का असेना!

शिवाय फ्लेक्सवर मराठी टाईप करायची म्हणजे श्रीलिपीसारखा फॉन्ट पाहिजे, ऑपरेटरला कीबोर्ड यायला पाहिजे, आणि एका मशीनवरची फाईल दुसरीकडे उघडली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. घाईत असलेला माणूस इंग्रजीतच करून टाक म्हणायचा. पाट्या इंग्रजी व्हायला मॉल आणि परप्रांतीय यांना जबाबदार धरलं जातं, माझ्या मते त्यात फ्लेक्सच्या दुकानातल्या त्या कॉम्प्युटरचा वाटा बराच मोठा आहे.

२००८ चं आंदोलन सगळ्यांना आठवतं, डांबर, दगड वगैरे. तेव्हा नवा असलेला एक पक्ष त्यातून मोठा झाला. पाट्यांचं म्हणाल तर मूळ बोर्डाच्या खाली मराठीची एक पट्टी आली, बऱ्याच ठिकाणी घाईत केलेली आणि दोन पावसाळ्यांत विटलेली.

खरा गोंधळ १९४८ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या नव्या कायद्याने झाला. दहापेक्षा कमी कामगार असले तर नोंदणीची गरज नाही, नुसतं कळवायचं, हा बदल धंदा सोपा व्हावा म्हणून केला होता आणि तसा तो चांगलाच होता. पण २०१८ च्या नियमांतली मराठी पाटीची अट त्यामुळे छोट्या दुकानांवरून निसटली, आणि आपल्याकडे बहुतेक दुकानं छोटीच. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ही पळवाट बंद करायचं ठरवलं, मार्चमध्ये दुरुस्ती विधिमंडळात मंजूर झाली. त्यातच दारूच्या दुकानांना आणि बारना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायची नाहीत हेही घातलं, जे मला पटतं. मधल्या काळात, फेब्रुवारीत, व्यापाऱ्यांची एक संघटना २०१८ च्या नियमाविरुद्ध हायकोर्टात हरली आणि वर २५ हजार भरावे लागले. कोर्टाचं म्हणणं असं की दुसऱ्या भाषेला बंदी कुठेय, आणि पाटी काही दुकानदाराच्या सोयीसाठी नसते, तिथे काम करणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसाठी असते. मुंबईत पाट्या बदलायची मुदत दोन-तीनदा वाढली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २५ सप्टेंबर २०२३ ला तिथून दोन महिने मिळाले, दसरा-दिवाळी आहेच तोंडावर, लावा की पाट्या, अशा सुरात. नोव्हेंबरअखेर पालिकेची तपासणी सुरू झाली, दुकानातल्या दर कामगारामागे दोन हजार दंड. पुढे मे २०२४ पासून मालमत्ता कर दुप्पट करायचंही जाहीर झालं.

पण या सगळ्यात मुख्य प्रश्न तसाच राहिला. ‘मराठीत’ म्हणजे काय? नियमात दोन शब्द आहेत, मराठी भाषा आणि देवनागरी लिपी, आणि तपासायला येणारा माणूस फक्त दुसरा तपासू शकतो. ‘रॉयल फूटवेअर हब’ देवनागरीत लिहिलं की पास. ‘पादत्राणे’ लिहा असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये, चप्पल घ्यायला जाणारा माणूस पादत्राणे घ्यायला जात नाही. ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ तर गावोगावी देवनागरीतच असतं आणि ते मराठी नाही असं म्हणायची हिंमत मी तरी करणार नाही. पण मग ‘द फ्रेश बास्केट कंपनी’चं काय? ब्रँडचं नाव म्हणजे विशेषनाम, त्याचं भाषांतर करायचं नसतं, हे मान्य. खाली ‘भाजी व फळे’ लिहायला काय हरकत होती? तेही इंग्रजीतच देवनागरीत लिहितात, ‘फ्रूट्स अँड व्हेजिटेबल्स’, आणि इंग्रजी न येणाऱ्या आजीला ते वाचता येतं आणि कळत मात्र नाही. भांडण भाषेचं म्हणून झालं, निकाल लिपीवर लागला, आणि दोन्ही बाजू आपण जिंकलो म्हणून घरी गेल्या.

आकाराचंही तसंच. कर्नाटकात सरळ ६० टक्के कन्नड असं ठरवलंय. आपल्याकडे अक्षर लहान नको म्हणतात, पण देवनागरी अक्षर मोजायचं कुठून कुठपर्यंत? वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटीपर्यंत मोजलं तर मधलं अक्षर बारीकच दिसतं. बऱ्याच फॉन्टमध्ये एकाच पॉइंटात मराठी इंग्रजीपेक्षा लहान दिसतं हे कुठलाही डीटीपीवाला सांगेल. पेंटरला हा प्रश्न कधी पडला नाही, तो दोन रेघांच्या मधे लिहायचा आणि मात्रा रेघेबाहेर जाऊ द्यायचा.

काही मोठ्या दुकानांनी देवनागरी लोगो नीट करून घेतले, मूळ अक्षराच्या वळणाला जुळतील असे, ते बघायला छान वाटतं. बाकीच्यांनी विंडोजमधला मंगल फॉन्ट उचलला आणि चिकटवला. आमच्या इथल्या एका किराणा दुकानाने नवा मराठी बोर्ड लावायला २०२३ मध्ये जुना फ्लेक्स फाडला तर खाली पत्र्यावर रंगवलेलं नाव निघालं, शेडसकट, पूर्ण मराठीत. मालकाने दोन दिवस ते तसंच ठेवलं होतं. मग त्यावर एसीपी शीट, म्हणजे अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा, आली.

नवीन बोर्डांचं अजून एक आहे, ते संध्याकाळनंतर बाजारात चक्कर मारल्यावरच दिसतं. मापात दोन्ही नावं बरोबर असतात, पण आत एलईडी इंग्रजी अक्षरांनाच असते आणि मराठी साधं विनाईल कटिंग, म्हणजे कापून चिकटवलेलं स्टिकर, असतं. साडेसात वाजले की अर्ध्या रस्त्यावरचं मराठी दिसेनासं होतं.