ईमेलवरून कार्ड: कार्यफलकावरची आवक

आलेल्या ईमेलमधून कार्यफलकावर, म्हणजे कामे रकान्यांत मांडून दाखवणाऱ्या पडद्यावरच्या फलकावर, आपोआप कामाचे कार्ड तयार करण्याची पद्धत. मेलचा विषय कार्डाचे शीर्षक होतो, मजकूर वर्णनात जातो, सोबतच्या फाइली कार्डाला जोडल्या जातात. मग ते कार्ड ‘करायचे’, ‘चालू’, ‘थांबलेले’, ‘झाले’ अशा रकान्यांतून पुढे सरकते. ट्रेलो, जिरा, आसना, मायक्रोसॉफ्ट प्लॅनर या फलकांवर ही सोय एक ना एका रूपात आहे. बोलताना लोक ‘मेलचं कार्ड झालं’ एवढेच म्हणतात. नागपुरात मिहान किंवा आयटी पार्कातल्या कंपन्यांना हे नवे नाहीच. पण या सोयीची खरी गरज असते ती इतवारीतला ठोक व्यापारी, वाडीतला ट्रान्सपोर्टवाला, धरमपेठेतला करसल्लागार अशा चार-सहा माणसांच्या कार्यालयांना, कारण तिथे एकच मेलपेटी सगळे मिळून उघडतात आणि ‘मला वाटलं तू पाहिलं असशील’ यात काम राहून जाते.

नागपूरकराला ही कल्पना समजावून सांगायला परदेशात जावे लागत नाही. १८६१ पासून मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर दप्तरांवर वाढले. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आजही सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात भरते. त्या काळात टपालाचा केवढा लोंढा येतो, हे इथल्या कोणत्याही कारकुनाला विचारावे. सरकारी कार्यालयात टपाल आले की आधी आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या वहीत, नोंद होते: आवक क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय. मग पत्र साहेबांपुढे जाते. ते कोपऱ्यात संबंधिताचे नाव किंवा टेबल लिहितात, त्याला ‘मार्क करणे’ म्हणतात. तिथून पत्र लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढते आणि शेवटी उत्तर गेले की जावक क्रमांक पडतो.

लिपिकाच्या टेबलाशेजारच्या कपाटात जे असते ते तर कार्यफलकच आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या ‘सहा गठ्ठे पद्धती’त कागद सहा भागांत बांधतात: कार्यवाही करायची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक काळाने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. यातला ‘प्रतीक्षाधीन’ हा गठ्ठा मला फार मोलाचा वाटतो. नवा फलक मांडणारे बहुतेक जण ‘करायचे, चालू, झाले’ असे तीनच रकाने करतात आणि ग्राहकाच्या कागदासाठी अडकलेले काम ‘चालू’मध्ये पडून राहते. मग पाहणाऱ्याला वाटते, माणूस हळू काम करतो आहे.

पडद्यावरच्या फलकाची परंपरा मात्र जपानमधून आली. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ‘कानबान’ पद्धत बसवली. जपानीत कानबान म्हणजे फलक किंवा पाटी. पुढच्या टप्प्याला माल लागला की कार्ड मागे जाते आणि तेवढाच माल तयार होतो. सॉफ्टवेअरच्या कामात ही पद्धत या शतकाच्या पहिल्या दशकात आली. ट्रेलो फॉग क्रीक या कंपनीने २०११ मध्ये काढले, २०१७ मध्ये ते ॲटलासियनने घेतले.

मेलवरून नोंद होण्याचा भाग याहून जुना आहे. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीची तक्रार-नोंद व्यवस्था १९९४ पासून मेलवरच चालते. एका पत्त्यावर मेल पाठवली की तक्रारीला क्रमांक मिळतो. पुढे तो क्रमांकच मेलचा पत्ता होतो. त्यावर लिहिलेले सगळे त्याच तक्रारीत जमा होते, आणि क्रमांकाला ‘डन’ जोडलेल्या पत्त्यावर लिहिले की तक्रार बंद. १९९६ च्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ने विषयाच्या ओळीतच चौकटी कंसात क्रमांक घालायला सुरुवात केली. बँकेला किंवा विमा कंपनीला मेल पाठवल्यावर उत्तराच्या विषयात जो क्रमांक दिसतो, तो याच घराण्यातला.

आज कार्ड तयार करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, फलकाचा स्वतःचा गुप्त मेल पत्ता. ट्रेलोमध्ये तो फलकाच्या मेनूतून मिळतो, आणि कार्ड कोणत्या यादीत (म्हणजे रकान्यात), वर की खाली पडावे तेही ठरवता येते. विषयात हॅश चिन्हासह लेबलचे नाव लिहिले तर लेबल लागते, ‘ॲट’ चिन्हासह सदस्याचे नाव लिहिले तर तो कार्डावर येतो. म्हणजे साहेबांचे मार्क करणे विषयाच्या ओळीतच आटोपते. दुसरा मार्ग झॅपियर किंवा पॉवर ऑटोमेटसारखा मध्यस्थ: ‘अमुक पेटीत मेल आली तर तमुक फलकावर कार्ड कर.’ तिसरा म्हणजे स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम.

या तिसऱ्या मार्गाचा एक साधा नमुना गूगल ॲप्स स्क्रिप्टवर होतो. जीमेलमध्ये दोन लेबले करायची, ‘कार्ड करा’ आणि ‘कार्ड झाले’. स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी जागी होते, पहिल्या लेबलाच्या मेल शोधते, कार्डे करते आणि लेबल बदलते. इथे दोन खाचखळगे आहेत. कार्ड झाले आणि लेबल बदलण्याआधी स्क्रिप्ट अडकली, तर पुढच्या फेरीत तेच कार्ड पुन्हा होते. म्हणून प्रत्येक मेलचा मेसेज-आयडी, म्हणजे त्या मेलची स्वतंत्र ओळखखूण, एखाद्या शीटमध्ये टिपून ठेवावा आणि कार्ड करण्याआधी तो तिथे आहे का ते पाहावे. हाच आपला आवक क्रमांक. दुसरा खळगा असा की ॲप्स स्क्रिप्टच्या नेहमीच्या जीमेल सेवेतून लावलेले लेबल एकट्या मेलला लागत नाही, अख्ख्या संभाषणाला लागते. ‘कार्ड झाले’ असलेल्या संभाषणात ग्राहकाने उद्या नवी अडचण लिहिली, तर स्क्रिप्ट तिकडे पाहतही नाही.

उलट बाजूचीही अडचण आहे. फलकाच्या पत्त्यावर येणारी प्रत्येक मेल नवे कार्ड झाली, तर ‘ठीक आहे, धन्यवाद’ या उत्तराचेही कार्ड होते. मेल जुन्याच धाग्यातली आहे हे ओळखायला उत्तरादाखल आलेल्या मेलच्या शीर्षभागात सहसा ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ या नोंदी असतात. उत्तर कोणत्या मेसेज-आयडीला आहे, ते त्यात लिहिलेले असते. जिराचा मेल-हँडलर कामाचा क्रमांक विषयात शोधतो किंवा या नोंदी पाहतो, आणि जुने काम सापडले तर मजकूर त्यावर टिप्पणी म्हणून चढवतो.

समजा, धरमपेठेतल्या एका करसल्लागाराकडे एका व्यापाऱ्याची मेल आली. विषय: ‘रि: फॉरवर्ड: बिल’. मजकूर: ‘दादा, हे काय आलं ते बघून घ्या ना.’ जोडलेल्या पीडीएफमध्ये जीएसटीची एएसएमटी-१० नोटीस, म्हणजे विवरणपत्रातल्या तफावतीचा खुलासा मागणारी. कार्ड आपोआप पडले, शीर्षक ‘रि: फॉरवर्ड: बिल’. अशी कार्डे फलकावर आधीच ११ आहेत. नियम असा केलेला की कार्ड झाल्यापासून ३० दिवसांची मुदत लावायची. पण या नोटिशीला उत्तर द्यायची ३० दिवसांपर्यंतची मुदत नोटीस बजावल्यापासून मोजतात. ती बजावली ३ तारखेला आणि व्यापाऱ्याने पुढे पाठवली १२ तारखेला. फलक सांगतो हातात ३० दिवस आहेत, प्रत्यक्षात उरलेत २१. म्हणून ज्या कामाला कायद्याची मुदत आहे, त्याची तारीख यंत्राने लावू नये. कार्डावर ‘बजावल्याची तारीख’ असा रिकामा रकाना ठेवावा आणि पीडीएफ उघडणाऱ्या माणसाने तो हाताने भरावा.

मराठी मजकुराच्या वाटेत आणखी काटे आहेत, आणि त्यांची दखल या विषयावरच्या इंग्रजी माहितीत क्वचितच घेतली जाते. मेलचा शीर्षभाग मुळात फक्त रोमन अक्षरांसाठी घडला. विषय देवनागरीत असेल तर तो सांकेतिक रूपात बदलून पाठवावा लागतो. ‘संत्री’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला दोन अक्षरे दिसतात, संगणकाला सहा संकेत: स, अनुस्वार, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यातला प्रत्येक संकेत तीन बाइटचा, म्हणजे १८ बाइट, आणि बेस६४ या रोमन सांकेतिक रूपात बदलल्यावर २४ चिन्हे. नियमानुसार अशा सांकेतिक तुकड्याची लांबी ७५ चिन्हांपेक्षा जास्त असू नये. वेष्टनाची चिन्हे वजा केली तर एका तुकड्यात देवनागरीचे जेमतेम १५ संकेत बसतात. म्हणून ‘कळमना बाजारातील संत्र्यांच्या गाड्यांचे भाडे’ हा साधा विषयही तीन-चार तुकड्यांत प्रवास करतो. एखादे अक्षर मधोमध तोडू नये असा नियम आहे, पण घाईत लिहिलेले प्रोग्राम तो पाळत नाहीत. मग कार्डाच्या शीर्षकात मध्येच प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन उगवतात.

शब्द शोधून वर्गवारी करणारे नियमही असेच फसतात. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला अर्धा ऱ एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एका पद्धतीने लिहिलेला नियम दुसऱ्या पद्धतीचा शब्द पकडत नाही. शिवाय कोणी ‘तातडीचे’ लिहितो, कोणी ‘तातडीचं’, कोणी ‘अर्जंट’, आणि बरेच जण मराठीच रोमन लिपीत लिहितात. छापखान्याकडून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटातून उचललेला असेल, तर कार्डावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी उतरते. त्यामुळे मराठी मेलसाठी मजकुरातले शब्द शोधण्यापेक्षा पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वर्गवारी करावी. पत्ता बहुधा रोमन असतो आणि सहसा दोन प्रकारे लिहिला जात नाही.

अलीकडे काही फलक मेल वाचून शीर्षक आणि सारांश स्वतः लिहितात. ‘रि: फॉरवर्ड: बिल’पेक्षा ते बरे, पण मूळ मेल कार्डाला जोडलेली असलीच पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत एक वेगळाच गोंधळ होतो. फलकाने ‘आपली मेल मिळाली’ अशी पोच पाठवली, ग्राहकाच्या पेटीने ‘मी सुट्टीवर आहे’ असे आपोआप उत्तर दिले, त्याचे नवे कार्ड झाले, त्याची पुन्हा पोच गेली. दोन यंत्रे एकमेकांना लिहीत बसतात आणि फलक भरत जातो. हे टाळायला आपोआप गेलेल्या मेलवर ‘ऑटो-सबमिटेड’ अशी खूण घालायची पद्धत २००४ मध्ये ठरवून दिलेली आहे. ती खूण असलेल्या मेलचे कार्ड करू नये आणि तिला पोचही देऊ नये.

फलकाचा मेल पत्ता ही किल्लीच असते. ती ज्याच्या हाती लागली तो कार्डे टाकू शकतो. पत्ता बाहेर गेल्याची शंका आली तर लगेच नवा करून घ्यावा. याहून गंभीर गोष्ट जोडपत्रांची. ग्राहकाने विश्वासाने पाठवलेले पॅन, आधार, बँकेचे उतारे पूर्वी एका पेटीत राहत, आता ते फलक पाहू शकणाऱ्या प्रत्येकाला, मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या मुलालाही, दिसत राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही निष्काळजी माफ करण्याजोगी नाही. फलकावरची माणसे कार्यालयातल्या माणसांशी दर महिन्याला ताडून पाहावीत.

ही पद्धत जिथे फसते तिथे तंत्र बहुधा शाबूत असते. गळालेला असतो तो बारनिशी आणि लिपिक यांच्यामधला टप्पा. आवक यंत्राने केली, पण मार्क कोणी केले नाही. ४० कार्डे पहिल्या यादीत उभी आहेत, एकावरही नाव नाही, म्हणजे मेलपेटीच दुसऱ्या पडद्यावर मांडली गेली. रोज सकाळी, पहिला फोन घेण्याआधी, एका ठरलेल्या माणसाने पहिली यादी रिकामी करावी: प्रत्येक कार्डाला समजेल असे शीर्षक, एक नाव, आणि गरज असेल तर तारीख. दोन नावे घालू नयेत. पडून राहिलेल्या कार्डासाठी सरकारी मोजमाप उसने घेता येते. महाराष्ट्राच्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये. ट्रेलोमध्ये ‘कार्ड एजिंग’ सुरू केले की हात न लागलेली कार्डे आठवड्यांगणिक फिकी पडत जातात, आणि भिंतीवरच्या पडद्यावर ती लांबूनच ओळखू येतात.

जावकीचा भाग बहुतेक फलकांत आपोआप होत नाही. कार्ड ‘झाले’मध्ये गेले तरी ज्याने मेल पाठवली त्याला काहीच कळत नाही. तो चार दिवसांनी पुन्हा विचारतो आणि त्याचेही कार्ड होते. डेबियनमध्ये तक्रार बंद होताच तक्रारदाराला मेल जाते. आपल्या फलकावर हे करायचे तर कार्ड करतानाच पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मूळ मेसेज-आयडी कार्डावर टिपावा लागतो, आणि ‘झाले’ यादीत कार्ड आले की त्याच धाग्यात उत्तर पाठवणारा दुसरा नियम लावावा लागतो. त्या उत्तरातला मजकूर मात्र काम केलेल्या माणसाने कार्डावर लिहिलेली शेवटची ओळ असावी. ‘एएसएमटी-१० चे उत्तर आज दाखल केले, पोच जोडली आहे’ एवढे वाचले की इतवारीतला व्यापारी पुन्हा फोन करत नाही.