दम पुढे, हाडं मागे

मे महिन्यात तीन किलोमीटरवर ज्याची जीभ बाहेर येते, तोच माणूस डिसेंबरात पाच किलोमीटर धावून येतो आणि घरी सांगतो, दम वाढला. थोडा वाढलाही असेल. पण त्यातला मोठा वाटा हवेचा असतो, आणि हे ज्याच्या लक्षात येत नाही तो जानेवारीत नडगी धरून बसतो.

हिशेब सोपा आहे. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला की ३०० किलोकॅलरी. यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय पुढे टाकण्याच्या कामी येतो, उरलेल्या सव्वादोनशेंची नुसती उष्णता होते. ही उष्णता अंगातच कोंडून राहिली तर शरीराचं तापमान साडेचार अंशांनी चढेल, म्हणजे ३७ वरून ४१ च्या पुढे. तसं होत नाही, कारण रक्त ती उष्णता कातडीपर्यंत आणून सोडतं आणि घाम ती उडवून लावतो. मेमध्ये आपल्या विदर्भात पहाटे सहालाही हवा २८ अंशांच्या आसपास असते आणि कातडी ३३-३४ अंशांची. दोघांत फरकच थोडा, त्यामुळे उष्णता सहजी बाहेर जात नाही. मग हृदयाला दोन गिऱ्हाईकं सांभाळावी लागतात, एक पायांचे स्नायू आणि दुसरी कातडी. ठोके वाढतात, धाप लागते, पाय आपोआप मंदावतात.

डिसेंबर-जानेवारीत नागपूर, वर्धा, यवतमाळकडे पहाटे १० ते १३ अंश असतात. गोंदियाकडे त्याहून कमी. (डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरातच पारा ३.५ वर आला होता, पण तो अपवाद.) या हवेत उष्णता न मागता निघून जाते आणि कातडीकडे वळवावं लागणारं रक्त पायांना मिळतं. लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी १० अंशांच्या मागेपुढेची हवा उत्तम मानतात ती यासाठीच. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला, तेव्हा अशीच थंड सकाळ मुद्दाम निवडली होती. आपल्याला ती घरबसल्या दोन-अडीच महिने मिळते.

अडचण अशी की विदर्भात ऊन हाच धावणाऱ्याचा ब्रेक असतो. थंडीत तो सुटतो. वेग वाढतो, अंतर वाढतं, धाप मात्र लागत नाही, म्हणून काही बिघडतंय असं वाटतही नाही. पण दमाच्या मागून येणारे बाकीचे अवयव आपल्याच चालीने चालतात. हृदय आणि रक्त तीन-चार आठवड्यांत सुधारतात. टाचेमागची शीर आणि हाडं यांना महिने लागतात.

हाडाचं तर उलटंच असतं. नवा भार पडला की हाड आधी मजबूत होत नाही, आधी पोखरलं जातं. जुना भाग खरवडून काढणाऱ्या पेशी पहिले दोन-तीन आठवडे कामाला लागतात, नवं हाड भरणाऱ्या पेशी त्यांच्या मागून येतात आणि त्यांचं काम तीन महिने चालतं. भिंतीचा जुना गिलावा आधी काढतात आणि नवा नंतर चढवतात, तसंच. मधल्या काळात, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, नडगीचं हाड सुरुवातीपेक्षाही थोडं कच्चं असतं. दिवाळीनंतर धावायला लागलेल्याचा हा काळ नेमका कडाका पडतो तेव्हा येतो, आणि दम तर तेव्हाच भरात आलेला असतो.

म्हणून पहिले सहा आठवडे वाढ दमाला विचारून करायची नाही, तारखेला विचारून करायची. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. पहिल्या आठवड्यात २० मिनिटं, त्यातही ३ मिनिटं धावणं आणि १ मिनिट चालणं. दर आठवड्याला फार तर ५ मिनिटं वाढवा. चौथ्या आठवड्यात उलट कमी करा, पहिल्याइतकं. वेग असा ठेवा की सोबतच्याला एक पूर्ण वाक्य न तुटता सांगता येईल. पोलीस भरतीच्या मुलांना हे पटत नाही, कारण १६०० मीटरला (मुलींना ८००) घड्याळ लावलेलं असतं. पण रोज घड्याळ लावून पळणारी पोरंच नडगीला बाम चोळत बसलेली दिसतात. वेगाचा सराव आठवड्यातून एक दिवस, तोही सहा आठवड्यांचा पाया झाल्यावर. आणि खिळ्यांचे बूट डांबरावर घालायचेच नाहीत, ते मातीच्या ट्रॅकसाठी असतात.

नडगी दुखायला लागली तर एका बोटाने तपासा. आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीपर्यंत पसरलेली दुखरी रेघ असेल, सुरुवातीला दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ती हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंची कुरकुर. धावणं निम्मं करा, दोन-तीन आठवड्यांत बसते. पण एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची आणि धावणं त्याच दिवशी बंद. पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत दिसत नाही बरेचदा. एक्स-रे साफ आला म्हणून पुन्हा पळायला गेलेल्यांचं दुखणं मग दोन महिन्यांवर जातं.

आता वेळेबद्दल. पहाटे साडेचार-पाचला उठून धावण्याचं आपल्याकडे फार कौतुक आहे. हिवाळ्यात ते अस्थानी आहे, आणि कारण थंडी नसून धूर आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर मात्र उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. शेकोट्या, चुली, पाणी तापवायला लावलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या, वीटभट्ट्या, सगळ्यांचा धूर या झाकणाखाली कोंडतो. ओळखायला यंत्र लागत नाही. गावाबाहेरून पाहा: धूर सरळ वर न जाता घरांच्या छपरांवर आडव्या पट्ट्यासारखा पसरला असेल, तर झाकण बसलेलं आहे. सूर्य आपल्याकडे जानेवारीत पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो. जमीन तापून हवा वर उठायला साडेआठ वाजतात, तेव्हा हा पट्टा फुटतो.

निवांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, धावणारा ५० लिटर किंवा जास्त, आणि तीही तोंडाने, नाकातली गाळणी टाळून. म्हणजे त्याच धुरात तो सहा-सात पट धूर ओढतो. घुग्घुस-वणीच्या रस्त्यांवर त्यात कोळशाच्या ट्रकांची धूळ, आणि तुरीची मळणी सुरू झाली की गावोगाव थ्रेशरमधून उडणारं कुटार. त्यामुळे चांगली वेळ सकाळी आठ-साडेआठनंतरची, नाहीतर दुपारी साडेचार ते साडेपाच. संध्याकाळची वेळ स्नायूंनाही मानवते, कारण शरीराचं स्वतःचं तापमान तेव्हा दिवसात सर्वांत जास्त असतं. मात्र सूर्य बुडताच झाकण पुन्हा बसू लागतं. आठला धावायला निघालं तर वेचणीला निघालेल्या बाया हसतात, हे खरं आहे. फुप्फुसाला त्याचं काही नाही.

पहाटेच जमत असेल तर निदान वारा जिकडून येतो त्या बाजूला, शेकोट्या मागे टाकून धावा.

थंड हवेचा दुसरा गुण म्हणजे कोरडेपणा, आणि तो फसवा आहे. दहिवराने गहू-हरभरा भिजलेला असतो, धुई पडलेली असते, म्हणून हवा ओली वाटते. पण १० अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरमध्ये साडेनऊ ग्रॅमहून कमी वाफ धरते. फुप्फुसात ३७ अंशांवर तिला ४४ ग्रॅम लागते. फरक भरून काढते श्वासनळी, स्वतःचं पाणी देऊन. अर्ध्या तासाच्या धावण्यात दीड घनमीटर हवा आत-बाहेर होते, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम पाणी. यातलं काही बाहेर पडताना नाकात परत जमतं, तोंडाने श्वास घेतला तर तेही नाही. आतलं अस्तर सुकलं की काहींच्या श्वासनळ्या आवळतात. खूण अशी की धावताना ठीक वाटतं, थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांनी खोकला, छातीत शिट्टी, आवळल्यासारखं. तासाभरात जातं. याला ‘थंडी बाधली’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावं. दमेकऱ्यांना धावण्याआधी घ्यायचा पंप लिहून मिळतो. बाकीच्यांनी पहिली दहा मिनिटं नाकाने श्वास घ्यावा आणि दुपट्टा तोंडावरून सैल गुंडाळावा. सोडलेल्या श्वासाची ओल त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला मिळते.

तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते, हाही थंडीचाच खेळ. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोटा-छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं आणि मूत्रपिंड ते काढून टाकतं. उठल्यावर एक ग्लास आणि निघण्याआधी अर्धा तास एक ग्लास, कोमट. लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

पाण्याची ही गोष्ट पूर्व विदर्भात जास्त महत्त्वाची आहे, कारण तिथे सिकलसेल आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि तिकडे मेळघाट, या भागांत अनेक कुटुंबांत हा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ज्यांना दोन्ही पालकांकडून दोष मिळाला त्यांच्यासाठी थंडी आणि पाण्याची कमतरता, दोन्ही वेदनेचा झटका आणणाऱ्या गोष्टी, म्हणून धावणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. एकाच पालकाकडून मिळालेले ‘वाहक’ एरवी ठणठणीत असतात, आणि नेमके म्हणूनच भरतीच्या तयारीत अंग न तापवता एकदम जीव तोडून पळतात. फार जोर, कमी पाणी आणि विश्रांती नाही, असं जमून आलं की त्यांच्या तांबड्या पेशी स्नायूंतच विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्त अडवू शकतात. गोळा येण्याशी याची गल्लत होते. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो. इथे स्नायू मऊच असतो, पायातली ताकद जाते आणि माणूस बसकण मारतो. त्याला ‘ऊठ, पूर्ण कर’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. तिथेच थांबवायचं आणि थेट दवाखान्यात न्यायचं. आपण वाहक आहोत का, हे सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी नावाच्या रक्ताच्या पहिल्या चाचणीने कळायला सुरुवात होते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे. वाहकाला धावायला बंदी नाही. हळूहळू वाढ, मधे विश्रांती, पाणी आणि ताप-जुलाबात सुट्टी, एवढंच.

अंग तापवायला थंडीत १० मिनिटं द्यावीच लागतात. ५ मिनिटं झपाझप चाल, मग आधाराला हात लावून प्रत्येक पाय पुढेमागे १०-१० वेळा झुलवणं, घोटे फिरवणं, १०-१५ वेळा टाचा उचलणं, आणि शेवटी ८० मीटरचे तीन टप्पे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा वेगाने. गार स्नायू हळू आकुंचन पावतो आणि ताणला की लवकर दुखावतो. वाकून पायाचे अंगठे धरून बसणं मात्र नंतरसाठी ठेवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाबवाल्यांनी, हे घरातच सुरू करावं. थंडीत रक्तवाहिन्या आवळल्याने दाब आधीच चढलेला असतो. धावताना छातीवर ओझं, जबडा किंवा डाव्या हातात कळ, आणि थांबल्यावर आराम, हे वाताचं दुखणं समजू नये, ते हृदयाचं असू शकतं.

कपड्यांबद्दल थोडक्यात: निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. हवा आहे त्याहून आठ-दहा अंश जास्त आहे असं धरून कपडे घाला. आत कबड्डीच्या जर्सीसारखं पातळ पॉलिस्टर, कारण सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग काकडतं. कानाला दुपट्टा. परत आल्यावर शेकोटीआधी कोरडा सदरा. डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे ऐकीव आहे, डोकं जेवढं मोठं तेवढीच जाते.

जमिनीचं वेगळं. काळी माती ओली असताना फुगते, सुकली की आकसून भेगाळते. डिसेंबरात पांदणीवर बोटभर ते पंजा अडकेल एवढ्या भेगा आणि बंडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कडक झालेल्या असतात. अंधारात घोटा मुरगळतो तो इथेच. तूर कापलेल्या शेतातले खुंट पातळ तळव्याच्या बुटातून आरपार जातात, सराटे वेगळेच. सर्वांत बरा म्हणजे मुरमाचा रस्ता, तो नसेल तर डांबराची कडा. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या समोरून दिसाव्यात म्हणून उजव्या बाजूने धावा.

उजेड नसताना शेतातून आडवं जाऊ नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाला थेट करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसं गेली आहेत. ताडोबा-ब्रह्मपुरी-गडचिरोली पट्ट्यात तर सूर्य वर आल्याशिवाय जंगलाकडेच्या रस्त्यावर एकट्याने धावूच नये. वाघ-बिबट्याची फिरण्याची वेळ आणि आपली हौसेची वेळ एकच आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस दुपार ३५ च्या पुढे जाऊ लागते आणि थंडीत जमलेला वेग एकदम कोसळतो. इथे पुष्कळ जण सोडून देतात. उन्हाळ्यात शरीराने कमावलेली सवय, लवकर आणि जास्त घाम येण्याची, रक्ताचा पातळ भाग वाढवण्याची, थंडीच्या तीन-चार आठवड्यांतच गेलेली असते. ती परत यायला १० ते १४ दिवस रोज थोडं उबेत धावावं लागतं. त्या दिवसांत किलोमीटरला अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागेल, ठोके पूर्वीइतकेच पडतील, आणि वेळ पुन्हा सूर्योदयाकडे सरकवावी लागेल. तोवर शेकोट्याही विझलेल्या असतात.