चुनखडीच्या रानातील द्राक्षवेल

अथणी भागातील एखाद्या द्राक्षबागेत हातभर खोल माती काढली, तर काळ्या ढेकळांत पांढरे खडे सापडतात आणि त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकताच फसफसून फेस येतो. हा मुक्त चुना, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. एवढा चुना असलेल्या रानातही मण्यांना कॅल्शियम कमी पडू शकते, ही गोष्ट अनेक बागाईतदारांना पटत नाही. पण कारण जमिनीत नसून वेलीच्या रचनेत आहे.

कॅल्शियम मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि जिथून बाष्प अधिक उडते, त्या पानांकडे ओढले जाते. पानात स्थिरावलेले कॅल्शियम पुन्हा घडाकडे वळत नाही. कोवळा मणी थोडेफार बाष्प सोडतो, परंतु मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे तो मऊ पडून गोड होऊ लागला, की ही वाट जवळपास बंद होते. म्हणून मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत ठिबकने ओलावा एकसारखा राखणे, हे चुन्याची आणखी पोती आणण्यापेक्षा मला कितीतरी मोलाचे वाटते.

मॅग्नेशियमची चाल वेगळी. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी त्याचा एक अणू असतो आणि टंचाई आली की वेल ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते. त्यामुळे काडीच्या बुडाकडील पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेंड्याची पाने पिवळी दिसली, तर चुनखडीच्या जमिनीत आधी लोहाचा संशय घ्यावा. मातीत मॅग्नेशियम असूनही कॅल्शियम आणि पोटॅशच्या गर्दीत मुळांना ते पुरेसे मिळत नाही. फुगवणीसाठी पोटॅशचा मारा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडील तांबड्या, आम्लधर्मी जांभ्या जमिनीत डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेला कार्बोनेट दगड, उपयोगी पडते. अथणीच्या विम्ल, म्हणजे अल्कधर्मी मातीत ते फारसे विरघळतच नाही. इथे सुमारे साडेनऊ टक्के मॅग्नेशियम असलेले मॅग्नेशियम सल्फेट द्यावे, तेही देठ परीक्षण पाहूनच. फळछाटणीनंतर वेल पूर्ण फुलोऱ्यात असताना घडासमोरच्या पानांचे देठ त्यासाठी घेतात. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मात्र सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीसाठी राखावे. मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट यांची घट्ट द्रावणे एकाच टाकीत कालवली, तर जिप्समचा पांढरा साका तळाशी बसतो आणि ड्रिपर तुंबतात. म्हणून ती वेगवेगळ्या दिवशी सोडावीत.